उलटली तर?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. मुलगी गोंदियाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची सहल कोकणात तारकर्लीला जाणार आहे आणि सहलीच्या कागदावर एका दिवसापुढे ‘कयाकिंग’ असे लिहिलेले आहे. हे काय प्रकरण आहे म्हणून मुलीच्या अब्बांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. नेमका असा सापडला की त्यात एक माणूस होडीसकट पालथा होतो आणि होडीचे फक्त बूड वर दिसत राहते. अब्बांनी कागद परत दिला आणि एवढेच म्हणाले, “रहने दो.” मुलीने हट्ट केला नाही. रात्री अम्मीजवळ बसून हळूच म्हणाली, “अम्मी, सच बोलूँ तो डर मुझे भी लगता है. पर जाना भी है.” त्या माउलीचा मला एकच प्रश्न होता, “टीचर, उलटली तर?”

कॉलेजच्या मॅडमना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी “काही होत नाही हो” असे उत्तर दिले होते. मला हे उत्तर अब्बांच्या उत्तराइतकेच अपुरे वाटते. कयाक उलटते. शिकणाऱ्याची तर हमखास उलटते. “काही होत नाही” असे सांगून पाठवलेली मुलगी जेव्हा खरोखर पाण्यात पडेल, तेव्हा तिला पाण्याबरोबर आपल्या शब्दाचाही धोका झाल्यासारखे वाटेल. म्हणून प्रश्न खराच विचारायला हवा आणि त्याचे उत्तरही खरे द्यायला हवे. मी स्वतः कयाक चालवणारी नाही. परंतु भीती घेऊन वर्गात बसणारी मुले वीस वर्षांपासून पाहते आहे. या विषयावर जे वाचले आणि जाणकारांना विचारून घेतले, ते येथे मांडते.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळची, ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाकडील इनुइट लोकांची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे आणि मध्ये एका माणसापुरते भोक ठेवायचे. शिकारी त्यात बसला की कमरेभोवतीचे कातडे भोकाच्या कडेला आवळून घेई, म्हणजे आत थेंबही येत नसे. तिथले पाणी बर्फासारखे. उलटल्यावर बाहेर पडून पोहत राहणे म्हणजे मरणच. म्हणून त्या लोकांनी वेगळीच युक्ती काढली. होडीतून बाहेर न पडता, कमरेला झटका देऊन आणि वल्ह्याचा आधार घेऊन पाण्याखालून फिरून पुन्हा वर यायचे. व्हिडिओत दिसणारे पालथे होणे बहुतेक वेळा हेच असते. तो माणूस मुद्दाम उलटलेला असतो.

सहलीला गेलेल्या मुलामुलींना जी देतात ती कयाक वेगळी. ती प्लॅस्टिकची, वरून उघडी असते. खाटेवर बसावे तसे तिच्यावर बसायचे. ती कलंडली तर माणूस घसरून पाण्यात पडतो, अडकायला त्यात जागाच नसते. तेव्हा आईवडिलांनी पहिला प्रश्न हाच विचारावा की होडी कोणत्या प्रकारची आहे. अर्धी काळजी तिथेच मिटते.

आपल्याकडे याला अगदी जवळची वस्तू म्हणजे डोंगा. आमगाव, सालेकसा, अर्जुनी, कुठेही जा. तलावांच्या या जिल्ह्यात ढिवर बांधवांचा लांबट, अरुंद डोंगा दिसतो. पूर्वी तो झाडाच्या एकाच खोडातून कोरत. आपल्यासारखा कुणी त्यात पाय ठेवतो तेव्हा तो असा डुलतो की जीव घशाशी येतो. पण जाळे टाकणारा माणूस त्याच डोंग्यात उभा राहून वाकतो, ओढतो, वळतो. त्याच्याकडे नीट पाहिले तर दिसते की त्याची कंबर सैल आहे. डोंगा डावीकडे झुकला की कंबर त्याच्याबरोबर जाते आणि खांदे मात्र सरळ राहतात. त्याला हे कुणी फळ्यावर शिकवलेले नाही. लहानपणी तो दहा वेळा पाण्यात पडला असेल आणि काठावरच्या मोठ्या माणसांनी हसून त्याला पुन्हा वर चढवले असेल.

नवशिकी मुलगी याच्या उलट करते. भीती वाटली की दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरते, खांदे कानापर्यंत जातात, पाठ ताठ होते. आता मुलगी आणि होडी मिळून एकच ओंडका झाला. होडी जरा कलली की ओंडका सगळाच कलतो. म्हणजे उलटू नये म्हणून अंग जे आपोआप करते, त्यानेच होडी उलटते. शिवाय हातात वल्हे नाही, म्हणजे आधारही गेला. पाण्यावर सपाट टेकवलेले वल्हे हा कयाकमधला सर्वात मोठा आधार असतो. याखेरीज उलटण्याची कारणे साधी असतात. मागे वळून मैत्रिणीला हाक मारणे, पडलेला मोबाइल धरायला झुकणे, दोन होड्या जवळ आल्यावर एकमेकींना ओढणे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. उलटली, पुढे काय?

उघड्या कयाकमध्ये फारसे काही करावे लागत नाही. लाइफ जॅकेट माणसाला वर आणते. वर आल्यावर होडी सोडायची नाही, एवढे एकच लक्षात ठेवायचे. उलटी झालेली कयाकही तरंगते, ती हातात असली म्हणजे मोठा ओंडका हातात असल्यासारखे आहे. शिवाय शोधणाऱ्याला एकटे डोके दिसत नाही, पण लाल-पिवळी होडी लांबून दिसते. काठ जवळ वाटला तरी होडी सोडून पोहत सुटू नये, कारण पाण्यातून अंतर नेहमी कमी वाटते. वाहत्या नदीत मात्र होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येते त्या बाजूला राहावे. नाहीतर होडी आणि खडक यांच्यामध्ये माणूस सापडतो.

बंद कयाकमध्ये, म्हणजे कमरेभोवती कापडी झाकण लावलेल्या कयाकमध्ये, बाहेर पडण्याची ठरलेली रीत आहे. पालथे झाल्यावर अंग पुढे, होडीच्या पृष्ठभागाकडे झुकवायचे, त्यामुळे डोके आणि तोंड खालच्या दगडांपासून वाचते. दोन्ही हात वर नेऊन होडीच्या बुडावर तीनदा थापा मारायच्या. मग झाकणाला पुढे जो पट्टा असतो तो ओढायचा, झाकण सुटते. दोन्ही हात कमरेच्या बाजूंना टेकवून, पायजमा उतरवावा तशी होडी अंगावरून ढकलायची. माणूस आपोआप बाहेर येतो आणि जॅकेट त्याला वर नेते. सगळे मिळून काही सेकंदांचे काम. थापा मदतीला बोलावण्यासाठी असतात हे खरे, पण मला त्यांचा दुसराच उपयोग महत्त्वाचा वाटतो. घाबरलेल्या माणसाला मोजण्यासारखे काम मिळते. एक, दोन, तीन. तेवढ्यात डोके जागेवर येते.

पण हे सगळे वाचून भीती जाते का? नाही जात. मुलीला ही रीत तोंडपाठ करून पाठवली तरी पाण्यात पहिल्याच क्षणी ती सगळे विसरेल. बी.एड.च्या मानसशास्त्रात आम्हाला मेरी कव्हर जोन्स यांचा १९२४ मधला एक प्रयोग होता. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला समजावत बसण्याऐवजी तो आवडीचे खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ, नंतर आणखी जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. शंभर वर्षे झाली, पण भीती घालवण्याचा याहून चांगला मार्ग अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. गणिताला घाबरणाऱ्या मुलालाही मी हीच मात्रा देते. फक्त तिथे सशाच्या जागी अपूर्णांक असतात.

चांगला प्रशिक्षक कयाकमध्ये नेमके हेच करतो. प्रथम जॅकेट घालून कंबरभर पाण्यात नुसते तरंगायला लावतो, म्हणजे जॅकेट खरोखर धरून ठेवते याची अंगाला खात्री पटते. मग होडीत बसवून आपण बाजूला पाण्यात उभा राहतो आणि मुलीचे हात धरून होडी थोडी कलवतो, पुन्हा सरळ करतो. मग आणखी थोडी. मग तिला सांगतो, आता मुद्दाम उलट. ती नाक धरून उलटते, खोकत वर येते, आणि बहुधा हसते. ज्याला ती आठवडाभर घाबरत होती ते होऊन गेले आणि ती तर इथेच आहे. दुसऱ्यांदा ती स्वतः उलटते. तिसऱ्या वेळी होडीवर पुन्हा चढायला शिकते. उलटण्याची भीती उलटूनच जाते. फक्त ते पहिले उलटणे उथळ पाण्यात, ठरवून आणि कुणीतरी शेजारी उभे असताना झाले पाहिजे.

तेव्हा सहलीच्या आयोजकांना दुसरा प्रश्न विचारायचा तो असा: “मुलींना खोल पाण्यात नेण्याआधी काठाजवळ उलटवून दाखवता का?” याचे उत्तर “त्याची गरज नसते” असे आले तर मीही अब्बांच्याच बाजूने उभी राहीन.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण सांगते. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथले दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करीत. वडील गेल्यावर घर चालवायला २०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले. उंची चांगली म्हणून त्यांना नौकानयनात घालण्यात आले आणि कुदरत अली या प्रशिक्षकांनी त्यांना घडवले. ज्या गावात पाणी शोधायला जमीन फोडावी लागते, तिथल्या माणसाला पाण्याची भीती वाटली तर नवल नाही. दत्तूंनाही सुरुवातीला ती होती. एकट्याने चालवायची शर्यतीची होडी सुमारे ८ मीटर लांब आणि पाण्याजवळ जेमतेम फूटभर रुंद असते. वजन १४ किलोच्या आसपास. दोन्ही वल्ही पाण्यावर असतात तोवर ती तोललेली राहते, एक जरी हातातून निसटले तरी कलंडते. ती शिकताना पाण्यात न पडलेला खेळाडू सापडणे कठीण. चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, हेच दत्तू रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीच्या शर्यतीत उतरले आणि जगात तेरावे आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांची एकेरीची शर्यत आजारपणाने वाया गेली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी चौघांच्या संघात बसून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ती होडी उलटण्याइतकेच अवघड असणार, आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मागे पडून दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच पाण्यावर जाणे.

मुलींच्या बाबतीत आपल्या घरांत आणखी एक अडचण पुढे येते. कपड्यांची. पोहणे म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र येते त्याने बोलणे तिथेच थांबते. परंतु कयाकिंग हा त्यातल्या त्यात आपल्या मुलींना सोयीचा खेळ आहे, हे माझे मत मी स्पष्ट सांगते. इथे सगळेच अंगभर घालतात. उन्हापासून बचावासाठी लांब बाह्यांचा सदरा, घोट्यापर्यंतची विजार, वरून जॅकेट, डोक्याला टोपी किंवा हेल्मेट. हिजाब घेतलेली मुलगी आणि न घेतलेली मुलगी यांत फरक उरतो तो फार थोडा. शिवाय २००४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अहिदा झानेट्टी या लेबनानी वंशाच्या बाईंनी मुस्लिम मुलींसाठी पोहण्याचा पूर्ण पोशाख तयार केला आणि आता तसे पोशाख आपल्याकडेही मिळतात. एक काळजी मात्र घ्यावी. कापड सुती नको, ते पाणी पिऊन जड होते. सैल दुपट्टा, लांब घेर, साडी हे पाण्यात पायांभोवती गुंडाळते. डोक्यावरचे अंगाला बसणारे, पिन न लावलेले असावे.

श्रीनगरच्या बिल्किस मीर यांचे नाव काही भगिनींनी ऐकले असेल. दल सरोवरावर त्यांनी वल्हे हातात घेतले, २००९ मध्ये हंगेरीतील जागतिक चषक स्पर्धेत भारतातर्फे उतरल्या, पुढे भारतीय मुलींच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पंच म्हणून बसल्या. सरोवर घराजवळच होते, पण त्यात मुलीने होडी चालवायची हे ऐकून घ्यायला लोकांना वेळ लागलाच.

इतके सांगितल्यावर आता भीतीच्या बाजूनेही बोलायला हवे. सगळीच भीती घालवण्यासारखी नसते. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले, तेही एकमेकांच्या नात्यातले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जीव गेले. गणपूरच्या बाया मौजेसाठी नावेत बसल्या नव्हत्या, मजुरीसाठी बसल्या होत्या. पाण्यापासून मुलीला लांब ठेवले म्हणजे ती सुरक्षित, असे आपण समजतो. पण सहलीच्या कागदावर सही केली नाही तरी नदी, पूर, लग्नाच्या वऱ्हाडाची नाव हे सगळे तिच्या वाट्याला यायचेच आहे, आणि तेव्हा तिला कुणी विचारणार नाही.

म्हणून जॅकेट नसेल तर बसायचे नाही, ही भीती कायम ठेवावी. जॅकेट आहे पण पट्टे तुटलेले आहेत, तरी बसायचे नाही. ते अंगाला बसते की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने जॅकेट खांद्यांना धरून वर ओढावे. ते कानापर्यंत सरकले तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाला घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. मोटारीच्या ट्यूबवर विसंबून तलावात जाणाऱ्या मुलांनाही हेच सांगावे, कारण ट्यूब हातातून सुटली की ती एकीकडे आणि मूल दुसरीकडे. आपल्या मामा तलावांत तर गाळ आहे, जलपर्णी आहे, शिंगाड्याचे आणि कमळाचे वेल आहेत. त्यांत पाय गुंतला तर चांगला पोहणाराही हरतो. कुणी बुडताना दिसले तर मागे उडी मारू नये. ओढणी, लांब बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते पुढे करावे.

“अल्लाहवर भरवसा ठेवा, काही होणार नाही” असे म्हणून विनाजॅकेट नावेत चढणाऱ्यांना तिर्मिजीतील ती प्रसिद्ध हदीस आठवून द्यावी, ज्यात उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का असे विचारणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले.

आता आमच्या आमगावची गोष्ट. तारकर्ली इथून फार लांब, आणि कयाक काही सगळ्यांच्या नशिबी नाही. पण उलटून वर येण्याचे जे शिक्षण आहे ते कयाकशिवायही देता येते. शेजारच्या बांगलादेशात, जिथे घरोघरी मागे तळे आणि तळ्यात मूल बुडण्याची धास्ती, तिथे ‘स्विमसेफ’ नावाने एक काम सुरू झाले. त्यांनी मोठे जलतरण तलाव बांधले नाहीत. गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव बांधला, त्याला खाली बांबूचाच तळ केला, म्हणजे पाणी मुलाच्या छातीपर्यंतच राहते आणि गाळात पाय जात नाही. गावातल्याच तरुण मुलामुलींना प्रशिक्षण देऊन शिक्षक केले. चार वर्षांपुढच्या मुलांना २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरून दुसऱ्याला वाचवणे शिकवले. शिकलेल्या मुलांत बुडण्याचे प्रमाण फार खाली आलेले पुढच्या पाहण्यांत दिसले. तिथेही मुली आपल्यासारख्याच घरांतल्या आहेत.

आपल्याकडे बांबू आहे, तलाव आहेत, आणि पाण्यात जन्म काढलेले ढिवर बांधव आहेत. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांच्याशी बोलावे लागेल. मुलींची वेळ वेगळी ठेवावी लागेल, भोवती कनात लावावी लागेल, आणि शिकवणारी बाईच हवी. ढिवरांच्या बायाही पाण्याला सरावलेल्या असतात, त्यांतल्या एक-दोघी तयार झाल्या तर त्यांना मानधनही मिळेल. काम वार्षिक परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात करावे, तेव्हा पाणी उतरलेले असते. ज्या आईवडिलांना आपल्या मुलींसाठी हे हवे आहे त्यांनी मला शाळा सुटल्यावर भेटावे किंवा या मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकावे. पंधरा मुलींची नावे जमली की मी मच्छीमार संस्थेकडे जाणार आहे.